पार्सलाचे भाडे आणि पार्सलाची खरी किंमत

क्विंटलमागे पाच रुपयांसाठी दलालाशी अर्धा तास घासाघीस करणारा व्यापारी वानगीची पुडी किंवा हिशेबाच्या कागदांचे पाकीट रवाना करावयाच्या वेळी मात्र पोऱ्याच्या हाती नोट देऊन मोकळा होतो. भाडे किती पडले, कोणत्या वाटेने पडले, याची चौकशी करण्यात त्यास कमीपणा वाटतो. खतावणीत हा खर्च 'किरकोळ' या सदरात जातो आणि तेथेच विसावतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही आमच्या पेढीचे हे सदर सहज उघडून पाहिले, तेव्हा हमाली आणि तोलाई यांखालोखाल याच खर्चाने जागा अडविली आहे असे आढळून आले. तेव्हापासून पार्सल पाठविण्याच्या निरनिराळ्या वाटांचा आम्ही थोडा अभ्यास केला. मंडळाच्या चिटणिसांनी तो स्मरणिकेसाठी लिहून द्यावा असा आग्रह धरल्यामुळे हा लेख वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले असल्याने यात जे गणित आहे ते त्रैराशिकापलीकडे जात नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमचे घराणे मूळचे खानदेशातील. ताप्तीच्या काठाने धावणाऱ्या लोहमार्गाने आमचे वडील सुरतेस आले आणि कडधान्याच्या धंद्यात स्थिरावले. जळगावच्या गिरण्यांतील तूरडाळ, चणाडाळ व मूगडाळ येथे आणणे आणि येथून पुढे ग्राहकांस देणे, हा आमचा व्यवसाय. यात मोठ्या मालाची वाहतूक ट्रकनेच होते व तिचे भाव सर्वांस ठाऊक असतात. प्रश्न येतो तो लहान जिनसांचा. वानगीच्या पुड्या, सौद्याची व कराची कागदपत्रे, एखादे-दुसरे पोते, आणि घरच्या मंडळींची खाखरे-पापडांची खोकी, या चार प्रकारांस चार निरनिराळ्या वाटा लागतात. आपण मात्र सवयीने चारही एकाच दुकानी टाकतो.

सुरतेस ही विद्या नवी नाही. सतराव्या शतकात आपल्याच समाजातील वीरजी व्होरा यांचे गुमास्ते आग्र्यापासून मलबारपर्यंत पसरलेले होते, आणि इंग्रज वखारवाले त्यांच्याकडून कर्ज उचलीत असत. त्या काळी पत्रे व हुंड्या पायी धावणारे कासीद नेत. त्यांस पट्टमार असेही म्हणत. माल नेण्याचा मक्ता हुंडेकरी घेत. अंतर जितके दूर तितका मोबदला अधिक, हा तेव्हाचा सरळ न्याय होता. सन १८५४ मध्ये टपालाचा नवा कायदा झाला आणि पत्रास अंतर कितीही असो, वजनावरच आकार घ्यावयाचा, असा दंडक सर्व हिंदुस्थानभर पडला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की पेशावरास. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच क्रांती होती. पुढे १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू झाली आणि ग्राहकाकडून दाम वसूल करण्याचे काम टपालखात्याने अंगावर घेतले. आज तरुण मंडळी ज्यास सी.ओ.डी. म्हणतात, ती हीच आजोबांची व्ही.पी., निराळ्या टोपीत. सन १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते, ही गोष्ट आम्हांस नेहमी कौतुकाची वाटते.

एकोणीसशे ऐंशीनंतर खाजगी कुरियर कंपन्यांचा काळ आला. ब्लू डार्ट १९८३ मध्ये, डी.टी.डी.सी. १९९० मध्ये. टपालखात्यानेही १९८६ च्या १ ऑगस्टला स्पीड पोस्ट काढले. म्हणजे आज जी स्पर्धा आपण पाहतो ती फारतर चाळीस वर्षांची आहे.

आता आमच्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगणे प्राप्त आहे, कारण या अभ्यासाचे मूळ तीच आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात दक्षिणेकडील एका ग्राहकाने तूरडाळीच्या तीन प्रतींची वानगी मागविली. शंभर क्विंटलचा सौदा होता. आम्ही दोन ठिकाणी दर विचारला. एकाचा चाळीस रुपयांनी कमी होता, तेथे पुड्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पोचावयाची वानगी सहाव्या दिवशी पोचली, आणि तीही ओल लागून वास मारीत असलेली. ग्राहक सज्जन. त्याने दूरध्वनीवर एवढेच सांगितले, "शेठजी, माल तुमचा चांगलाच असणार, पण मी जे पाहिले त्यावरून कसा घेऊ?" त्याने दुसरीकडून डाळ उचलली. पंधरवड्यात बाजार क्विंटलमागे दीडशे रुपयांनी उतरला आणि आमचा तोच माल आम्हांस उतरत्या भावात काढावा लागला. वाचविले चाळीस रुपये, गेले पंधरा हजार. त्या वाहकाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. वानगी साध्या कागदी पुड्यांत बांधून पावसाळ्यात पाठविणारे आम्हीच होतो, आणि पावतीच्या पाठीवरचा बारीक मजकूर न वाचणारेही आम्हीच.

भाड्याची तुलना करावयाची तर प्रथम हे ओळखावे लागते की, प्रत्येक वाहक एकच गोष्ट मोजीत नाही. कोणी वजन मोजतो, कोणी आकारमान, कोणी नगावर घेतो, तर कोणी मालाच्या किमतीवर. या मापांचा घोळ झाला की तुलना व्यर्थ जाते. शेराने घेतलेले दूध आणि पायलीने घेतलेले धान्य यांचे भाव शेजारी शेजारी मांडण्यासारखे ते होय.

वजनाचे माप सर्वांत सरळ आहे. टपालखात्याने स्पीड पोस्टाचे कागदपत्रांचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने बांधून दिले. त्यांत ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटास गावातल्या गावात १९ रुपये व गावाबाहेर देशभर कोठेही ४७ रुपये पडतात. पुढचा टप्पा २५० ग्रॅमपर्यंतचा. गावात २४, दोनशे किलोमीटरपर्यंत ५९, पाचशेपर्यंत ६३, हजारपर्यंत ६८, दोन हजारपर्यंत ७२ आणि त्यापलीकडे ७७ रुपये. त्यानंतरचा टप्पा ५०० ग्रॅमपर्यंतचा असून त्याचे आकडे अनुक्रमे २८, ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३ असे आहेत. या सर्वांवर शेकडा १८ प्रमाणे कर निराळा. १८५४ मध्ये पत्रांच्या बाबतीत हद्दपार झालेले अंतर अशा रीतीने मागच्या दाराने परत आले आहे, पण त्याचा डंख सौम्य आहे. सुरतेहून जळगाव, मुंबई, पुणे ही तिन्ही ठिकाणे पाचशे किलोमीटरच्या आतच येतात व त्यांस दर एकच लागतो. खरा डंख आहे तो टप्प्याच्या उंबरठ्यावर.

एक उदाहरण घेऊ. जळगावच्या एका पेढीस २४० ग्रॅमचे कागद पाठवावयाचे आहेत. ६३ रुपये आणि कर मिळून ७४ रुपये ३४ पैसे होतात. त्याच कागदांस पोऱ्याने जाड पुठ्ठ्याचा लिफाफा घातला आणि वजन २६० ग्रॅम झाले, तर ७५ रुपये व कर मिळून ८८ रुपये ५० पैसे. वीस ग्रॅम पुठ्ठ्याची किंमत १४ रुपये १६ पैसे! उलट त्याच पेढीस दोन दिवसांत २४० ग्रॅमची दोन पाकिटे जावयाची असतील, तर निरनिराळी पाठविल्यास १४८ रुपये ६८ पैसे आणि एकत्र बांधल्यास तेच ८८ रुपये ५० पैसे. साठ रुपये केवळ एक दिवस धीर धरल्याने वाचतात. आमच्या पेढीत आता टेबलावर लहान तराजू ठेवला आहे. धान्य तोलणाऱ्यांच्या पेढीत टपाल तोलण्यास तराजू नसावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नव्हती.

रजिस्टर पोस्टाविषयी येथेच सांगून ठेवतो, कारण पुष्कळ वडीलधारी सभासद अजून त्याची चौकशी करतात. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच विलीन झाले. नोंदणी आता स्पीड पोस्टाची जोडसेवा म्हणून मिळते. तिचा आकार पाकिटामागे पाच रुपये व कर. पत्त्यावरील व्यक्तीच्याच हाती पाकीट पडावे अशी जेथे कायद्याची गरज असते, तेथे हे पाच रुपये वाचवू नयेत.

आकारमानाचे माप मात्र फसवे आहे, आणि आमच्या घरात त्याने एका वर्षाची मेहनत खाल्ली. आमच्या थोरल्या वहिनी बंधूंच्या पश्चात घरी खाखरे करून विकतात. कोणापुढे हात पसरणार नाही, हा त्यांचा बाणा. मुंबई-पुण्याकडच्या ओळखीच्या घरांतून मागणी येई व त्या कुरियरने एकेक किलोचे खोके पाठवीत. एक किलोचे भाडे साठ रुपये, म्हणून ग्राहकाकडून त्या साठच रुपये घेत. महिनाअखेर बिल आले की ते तिप्पट असे. वहिनींना वाटे, आपलीच बेरीज चुकते. वर्षभर त्यांनी कोणास सांगितले नाही. शेवटी एके दिवशी बिलांची चवड आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "भावजी, मी धंदा करते की दान, हे एकदा पाहून सांगा."

पाहिले तो प्रकार असा होता. हवाई मार्गाने माल नेणारे बहुतेक कुरियर खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलो. प्रत्यक्ष वजन व हे मापाचे वजन यांत जे अधिक असेल त्यावर भाडे. काही ठिकाणी भाजक निराळा असतो, तो आधी विचारून घ्यावा. वहिनींचे खोके ३० बाय २५ बाय २० चे, म्हणजे १५००० घन सेंटिमीटर. भागिले ५००० म्हणजे ३ किलो. आत खाखरे एक किलो, बाकी वारा. भाडे १८० रुपये, वसुली ६० ची, तूट १२० ची. किलोमागे त्यांस नव्वद रुपये सुटत, म्हणजे दर खोक्यामागे तीस रुपये पदरचे जात होते. डाळ जड आणि अंगाने आटोपशीर, म्हणून आम्हांस हे गणित कधी भेटलेच नव्हते. खाखरा हलका व पोकळ, म्हणून तो या मापात सापडला.

आम्ही खाखऱ्याच्या घेराला बेताचे, २० बाय २० बाय २४ चे खोके करविले. गुणाकार ९६००, म्हणजे १.९२ किलो, आकारणी दोन किलोंची. भाडे १२० वर आले. तेवढ्याने तीस रुपयांच्या तोट्याचे तीस रुपये नफ्यात रूपांतर झाले, तरी मेहनतीच्या मानाने ते अल्पच. पुढची युक्ती वहिनींनी स्वतः काढली. रात्री सुटणाऱ्या बसगाड्यांत पार्सल नगावर घेतात, त्यांस सेंटिमीटरांशी कर्तव्य नसते. पुण्याच्या साऱ्या मागण्या आठवड्यातून एकदा एकाच मोठ्या खोक्यात भरून त्या बसने रवाना करतात. तेथे आमची भाची ते उतरवून घेते आणि आठ-दहा घरी पोचविते. हा मार्ग प्रत्येकास उपलब्ध नाही, पलीकडे विश्वासाचे माणूस लागते, हे खरे. पण ज्यांच्या नातलगांचे जाळे गावोगाव आहे अशा आपल्या समाजास ते माणूस शोधण्यास फारसे श्रम पडू नयेत.

किमतीवर आकार घेण्याची पद्धत सुरतेत जन्मास आली असे म्हटले तरी चालेल, इतका आंगडिया आपल्या शहराशी एकरूप आहे. हिऱ्याची पुडी तोळ्यांत तोलून भाडे ठरविणे हास्यास्पद होईल. म्हणून आंगडिया किंमत विचारतो व त्यावर आपला आकार सांगतो. संध्याकाळी सुरतेत दिलेली पुडी सकाळी मुंबईच्या बाजारात उतरते, ही कीर्ती त्यांनी गुजरात मेलच्या डब्यात रात्री जागून मिळविली. त्यात विम्याच्या कागदापेक्षा पेढीचा शब्द मोठा. आमच्या धंद्यास या सेवेचा उपयोग जवळजवळ नाही. मात्र तिच्यापासून एक माप शिकण्यासारखे आहे. भाडे मालाच्या किमतीच्या शेकडा किती पडते, हे पाहावे. हिऱ्यास ते नगण्य असते, कापडास थोडे, धान्यास भरपूर आणि खाखऱ्यास घातक. ज्याचे हे प्रमाण नगण्य त्याने वाहकाचा दर पाहण्याऐवजी वाहकाची सचोटी पाहावी. ज्याचे मोठे, त्याने पैसा-पैसा मोजावा. वानगीची पुडी मात्र या नियमास अपवाद आहे. तिच्यातील डाळ पंचवीस-तीस रुपयांची, पण तिच्या पाठीमागे शंभर क्विंटल उभे असतात. आमची चूक नेमकी येथे झाली. आम्ही पुडीची किंमत धरली, सौद्याची धरली नाही.

खाजगी कुरियरचा जो दर तोंडी सांगण्यात येतो तो बहुधा मूळ दर असतो. त्यावर इंधन-अधिभार, पावतीचा आकार, दूरच्या गावचा अधिक आकार, आणि मग या सर्वांच्या बेरजेवर कर. समजा मूळ भाडे १०० रुपये आणि इंधन-अधिभार शेकडा २०. झाले १२०. त्यावर शेकडा १८ कर २१ रुपये ६० पैसे. एकूण १४१ रुपये ६० पैसे. आता येथे धान्याच्या व कापडाच्या व्यापाऱ्यांत एक भेद पडतो, जो आमच्या बऱ्याच धान्यबंधूंच्या ध्यानी आलेला नाही. कापडवाल्याचा माल करपात्र असल्याने त्याने भाड्यावर भरलेला कर त्यास वजावटीत परत मिळतो. त्याचा खर्च १२० च राहतो. सुटी डाळ किंवा पंचवीस किलोहून मोठ्या पोत्यातील डाळ करमुक्त आहे. माल करमुक्त म्हणून त्यामागील खर्चावरच्या कराची वजावटही नाही. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बांधीव, छापील पुड्यांच्या डाळीवर शेकडा पाच कर लागू झाला. जे तसा माल विकतात त्यांस त्या प्रमाणात वजावट मिळते, इतरांस नाही. तेव्हा रिंग रोडवरील मित्राने अमुक वाहक स्वस्त पडतो असे सांगितले, तर त्याचा आकडा आपल्या वहीत जसाच्या तसा उतरवू नये. त्याचे १२० ते आपले १४१ रुपये ६० पैसे.

दूरच्या गावच्या आकाराविषयी दोन शब्द. आमचे काही ग्राहक तळोदे, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात आहेत. तेथे पुष्कळ कुरियर एक तर जात नाहीत, किंवा अधिक पैसे मागतात, किंवा नंदुरबारला माल ठेवून ग्राहकास बोलावून घेतात. पोस्टमन तेथे त्याच दराने जातो. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत व त्यांतील बहुतेक खेड्यांत आहेत, हे बळ दुसऱ्या कोणापाशी नाही. मोठ्या शहरी मात्र कुरियरचा माणूस दुकानातून पार्सल उचलून नेतो. पोऱ्यास डाकघरात रांगेत उभे करण्याचा वेळही भाड्यातच धरावयास हवा, आणि तो धरला म्हणजे गावातल्या गावात कुरियर पुष्कळदा सरस ठरतो.

आता पावतीच्या पाठीवरील बारीक अक्षरांकडे वळू. माल हरवला किंवा भिजला तर काय, हा प्रश्न भाडे ठरविताना विचारणारा व्यापारी शंभरांत एखादा सापडेल. रस्त्याने माल नेणाऱ्यांस १८६५ चा जुना कायदा होता. त्याजागी २००७ चा नवा कायदा आला व तो २०११ पासून अमलात आहे. त्याच्या नियमांप्रमाणे, मालाची किंमत लिहून देऊन अधिक जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. रेल्वेत, किंमत आधी जाहीर करून तिचा टक्केवारी आकार भरला नसल्यास, पार्सल-मालास किलोमागे ५० रुपये ही मर्यादा आहे. डाळीच्या पन्नास किलोच्या पोत्याचे उदाहरण घेऊ. किलोस ११० रुपये धरता किंमत ५५०० रुपये. ट्रान्सपोर्टचे भाडे समजा २५० रुपये पडले, तर भरपाई फारतर २५००. रेल्वेने, पन्नास गुणिले पन्नास, पुन्हा २५०० च. दोन्ही वाटांनी तीन हजार आपल्या माथी. टपालाचा तर १८९८ च्या जुन्या कायद्यापासूनच दंडक असा की, नियमांत जेवढी जबाबदारी पत्करली असेल तेवढीच, त्याबाहेर नाही. २०२३ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच राहिले. स्पीड पोस्टाच्या बाबतीत कित्येक वर्षे भरलेल्या आकाराच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढी भरपाई असा नियम होता. मौल्यवान जिनसेस विमा उतरविण्याची सोय निराळी.

यावरून विमा उतरवावाच, असा सरसकट निष्कर्ष आम्ही काढीत नाही. एक पोते वर्षातून एखादे वेळी गहाळ होणार असेल, तर प्रत्येक पोत्यास विमा भरण्यापेक्षा तो तोटा सोसणे स्वस्त पडते. एकाच बिल्टीत वीस पोती असतील तर गोष्ट वेगळी. रस्ता-वाहतुकीच्या बाबतीत एक तारीख मात्र प्रत्येकाने लिहून ठेवावी. नुकसानीबद्दल दावा लावावयाचा तर माल नोंदल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी नोटीस द्यावी लागते. गोड बोलण्यात हे सहा महिने निघून जातात, असा आमच्या एका स्नेह्यांचा अनुभव आहे.

पैसे-घेऊन-माल देण्याच्या पद्धतीत, म्हणजे सी.ओ.डी.त, आणखी एक छुपे भाडे असते, ते परत आलेल्या पार्सलांचे. समजा दहा पार्सले पाठविली. जाण्याचे भाडे प्रत्येकी ८० प्रमाणे ८००. दोन ग्राहकांनी घेतली नाहीत, त्यांच्या परतीचे १६०. एकूण ९६०. विकली गेली आठ. म्हणजे प्रत्येक विकल्या गेलेल्या पार्सलावर भाडे १२० रुपये, ८० नव्हे. घरगुती धंदा करणाऱ्या भगिनींनी भाव बांधताना हा दीडपटीचा हिशेब ध्यानात ठेवावा, किंवा पैसे आधी घ्यावेत. आमच्या वहिनी आता आधीच घेतात. दोन गिऱ्हाइके रागावली, पैकी एक परत आले.

परदेशी लेकी-जावयांस पार्सल पाठविणाऱ्या घरांसाठी एवढेच सांगतो की, तेथे भाड्याहून जकातीचा भाग मोठा झाला आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांस जी जकातमाफी होती ती २०२५ च्या ऑगस्टात बंद झाली. त्या गोंधळात आपल्या डाकखात्यास २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवावे लागले, ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली. दिवाळीचा फराळ त्या वर्षी किती घरांचा अडकला असेल! पाठविण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा, आणि डाळी, बिया यांच्या बाबतीत त्या देशाचे निर्बंध आधी पाहावेत. अन्यथा भाडे भरून माल तेथील जकातघरात जिरवावा लागतो.

आमच्या पेढीत या साऱ्याचा परिणाम म्हणून एक 'रवानगी वही' सुरू झाली आहे. तारीख, कोठे, काय, प्रत्यक्ष वजन, आकारलेले वजन, करासह भाडे, कबूल केलेला दिवस आणि पोचल्याचा दिवस. शेवटची दोन घरे भरण्याचा कंटाळा येतो, पण वहीचा सारा अर्थ त्या दोन घरांतच आहे. वानगी आता आम्ही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड चिकटवून, वर कापडी थैलीत घालून पाठवितो. पावसाळ्याचे चार महिने ज्याचा कबूल दिवस वहीत सर्वांत कमी वेळा चुकला त्याच्याकडेच देतो, मग तो वीस-तीस रुपयांनी महाग का असेना. उन्हाळ्यात तेवढी घाई नसते, तेव्हा स्वस्त वाट धरतो. कागदपत्रे टपालाने. एखाद-दुसरे पोते ट्रान्सपोर्टने, आणि तेही भाडे पलीकडच्याने द्यावयाचे असेल तर तसे बिल्टीवर स्पष्ट लिहून. एकच वाहक सर्व कामांस स्वस्त आहे का, असे आमच्या पुतण्याने विचारले होते. वहीची आठ महिन्यांची पाने त्याच्यापुढे टाकली, तेव्हा त्याने स्वतःच तीन नावे तीन कामांपुढे लिहिली.

शेवटी या स्मरणिकेच्याच रवानगीविषयी. १ मे २०२५ पासून टपालखात्याने 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा पुस्तकांसाठी सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा. इतका स्वस्त दर पाहून समितीतील तरुणांना मोठा हर्ष झाला व सर्व प्रती त्याच वाटेने पाठविण्याचा ठराव होऊ घातला होता. परंतु ही सवलत शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांस आहे. व्यापारी स्वरूपाच्या किंवा जाहिराती असलेल्या प्रकाशनांस ती लागू नाही. आपल्या स्मरणिकेचा निम्मा अंग जाहिरातींचा, आणि तो काढावा तर छपाईचे पैसे कोठून यावयाचे? तेव्हा ती आशा सोडावी लागली. गतवर्षीची प्रत वेष्टनासह ४३० ग्रॅम भरली होती. त्या वजनास स्पीड पोस्टाने सुरतेत करासह ३३ रुपये ४ पैसे, नंदुरबार-नवसारीकडे ८२ रुपये ६० पैसे, मुंबई-पुणे-जळगावकडे ८८ रुपये ५० पैसे आणि कोलकात्यास १०१ रुपये ४८ पैसे असा खर्च येतो. यंदा कागद किंचित पातळ घेण्याची आमची सूचना मान्य झाली होती, पण २५० ग्रॅमच्या आत प्रत बसविणे जमले नाही. म्हणून शहरातील प्रती मंडळाचा माणूस हातोहात देईल, मुंबई व जळगाव येथील प्रती एकेका गठ्ठ्याने तेथील सभासदांच्या पेढीवर जातील आणि फक्त एकट्या-दुकट्या पत्त्यांसच टपालाने रवाना होतील. आठवडाभरात प्रत न मिळाल्यास मंडळाच्या कार्यालयात पाकिटाचा क्रमांक विचारावा. तो रवानगी वहीत लिहिलेला असेल.